स्पोर्ट्‌स कार घेऊन मराठवाड्यात ताफ्यानं निघताय? या चुका टाळा

२०१० साली औरंगाबादच्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकाच वेळी दीडशे मर्सिडीज घेतल्या, तेव्हा त्याची बातमी देशभर गेली. ते शहर आज छत्रपती संभाजीनगर आहे, आणि रविवारी पहाटे पाच-सात बुटक्या, रुंद टायरांच्या गाड्या मिळून म्हैसमाळकडे किंवा समृद्धीवर निघाल्या तर त्याचं कुणाला नवल वाटत नाही. मला ही हौस मनापासून आवडते. पण दौऱ्याची आखणी बहुतेक वेळा सगळ्यात वेगवान गाडी डोळ्यांपुढे ठेवून होते. ती सगळ्यात बुटकी गाडी आणि सगळ्यात नवखा चालक डोळ्यांपुढे ठेवून व्हायला हवी.

टायर नवा दिसतो म्हणून निघणं

या गाड्या महिन्यातून एक-दोनदाच बाहेर पडतात. त्यामुळे टायरची नक्षी कोरी करकरीत दिसते, पण वयानं रबर कडक झालेलं असतं. टायरच्या बाजूवर ‘डॉट’ या अक्षरांपासून सुरू होणारी मालिका असते. तिचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पाच वर्षं उलटली की टायर दरवर्षी जाणकाराला दाखवा. दहा झाली असतील तर नक्षी शाबूत असली तरी काढून टाका.

हवा तपासायची ती गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, सकाळी निघण्याआधी. तास-दीड तास समृद्धीवर पळाल्यावर हवा बघितली की काटा वर गेलेला दिसतो आणि कुणीतरी म्हणतं, ‘जास्त झालीय, थोडी सोडा.’ माझ्या मते सगळ्यात घातक चूक हीच. कंपनीनं दिलेला आकडा थंड टायरचा असतो आणि तापल्यावरची वाढ त्यात धरलेली असते. तापलेल्या टायरातली हवा सोडली की दाब गरजेपेक्षा कमी होतो, टायरची बाजू जास्त वाकते, वाकल्यानं आणखी तापते आणि मग फुटते. नायट्रोजन भरलाय म्हणून दाब वाढत नाही, हाही गैरसमज. तापल्यावर तोही जवळपास तेवढाच वाढतो. मे महिन्यात पारा ४२ च्या वर असताना तर दुपारचा लांबचा टप्पा ठेवूच नये.

अनेक स्पोर्ट्‌स कारमध्ये स्टेपनी नसते, फोमची बाटली आणि छोटा कॉम्प्रेसर असतो. फोम खिळ्याच्या भोकाला चालतो, बाजू फाटली तर त्याचा काही उपयोग नाही. म्हणून जालना, बीड, लातूर असा जो रस्ता असेल तिथल्या फ्लॅटबेडवाल्यांचे (अख्खी गाडी सपाट ट्रकवर चढवून नेणाऱ्यांचे) नंबर निघण्याआधीच प्रत्येकाकडे हवेत. साध्या क्रेननं पुढची चाकं उचलून ओढली तर या गाड्यांचं बंपर आणि गिअरबॉक्स दोन्ही धोक्यात येतात.

समृद्धीला ट्रॅक समजणं

कारसाठी मर्यादा ताशी १२० किलोमीटरची आहे. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. गाडीची खरी ताकद बघायची असेल तर चेन्नई किंवा कोइम्बतूरच्या ट्रॅकवर जा. आणि फोटोसाठी कडेच्या पट्टीवर ओळीनं गाड्या लावू नका. मागून झोपेत असलेला ट्रकचालक येऊ शकतो.

क्लच आणि ब्रेक तापवणं

दौलताबादच्या घाटात दिल्ली दरवाज्याच्या अरुंद कमानीशी सुट्टीच्या दिवशी गाड्या तुंबतात. ड्युअल क्लच गिअरबॉक्सची (क्लचचं पेडल नसलेली, आतले दोन क्लच आपोआप चालणारी) गाडी अशा चढावर ॲक्सिलरेटरवर तोलून धरली किंवा इंचाइंचानं सरकवत राहिली, तर क्लच सतत घासतो आणि तापाची सूचना लागते. पुढच्या गाडीत अंतर पडू द्या, मग एकदम पुढे घ्या. थांबलात की ब्रेक दाबून ठेवा. सूचना लागलीच तर बाजूला घेऊन न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू ठेवूनच गाडी थंड होऊ द्या, म्हणजे कूलिंग चालू राहतं.

कन्नडचा घाट उतरताना उलटं होतं. ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की पेडल मऊ लागतं, जळका वास येतो. उतार लागायच्या आधीच खालचा गिअर घ्या. ब्रेक तापलेच तर त्यावर पाणी ओतू नका, डिस्क तडकते. उताराच्या शेवटी मोकळ्या हवेत थोडं अंतर सावकाश चालवणं हाच उपाय.

दिनदर्शिका न बघता तारीख ठरवणं

बाहेरून आलेले पाहुणे क्लब इथेच फसतात. वेरूळची लेणी मंगळवारी बंद, अजिंठ्याची सोमवारी. अजिंठ्याला गाडी फर्दापूरच्या टी पॉइंटवर सोडून बसनं पुढे जायचं असतं, म्हणजे लाखमोलाच्या गाड्या काही तास नजरेआड राहणार. गाड्यांपाशी कुणी थांबायचं ते आधी ठरवा. श्रावणातल्या शनिवारी खुलताबादच्या भद्रा मारुतीला रात्रभर लोक पायी निघतात, तेव्हा पहाटेचा तोच रस्ता निवडू नका. घटस्थापनेच्या आधी तुळजापूरहून भवानी ज्योत घेऊन तरुण धावत असतात, कोजागरीला तुळजापूरला पायी जाणारे हजारो भाविक. त्या दिवसांत नळदुर्गचा पाणी महाल बघायचा बेत पुढे ढकला. रस्ता त्यांचा आहे.

ऑक्टोबरात सोयाबीन रस्त्यावर वाळत घातलेलं दिसतं. त्यावरून बुटकी गाडी नेऊ नका. काड एक्झॉस्टला चिकटलं तर पेट घेऊ शकतं. उसाचा हंगाम सुरू झाला की अंधारात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर बिनदिव्यांचे समोर येतात. सूर्यास्ताआधी मुक्कामाला पोचायचंच.

पुढच्याला गाठायचा नाद

ताफा चार-पाच गाड्यांचा करा, जास्त असतील तर दोन गट. नियम एकच: प्रत्येकानं आपल्या मागच्या गाडीकडे लक्ष ठेवायचं. वळणावर मागची दिसेपर्यंत थांबायचं. असं केलं की कुणाला चुकायची भीती राहत नाही आणि कुणी धोक्याचं ओव्हरटेक करत नाही. टोलनाक्यावर ताफा तुटणारच, त्यामुळे पुढचं भेटायचं ठिकाण धाब्याच्या नावासकट ठरवा. पार्किंग दिवे, म्हणजे चारही इंडिकेटर एकदम लावून चालवू नका. वळणार की नाही ते मागच्याला कळत नाही.

गावातून जाताना एक्झॉस्ट शांत मोडवर. पोरं गाडीभोवती जमली तर काच खाली करून बोला, दाखवा. गतिरोधक इथे न रंगवलेले असतात. पहिल्या गाडीनं मागच्यांना फोनवर किंवा वॉकी-टॉकीवर सांगावं. फ्रंट लिफ्ट (बटण दाबून गाडीचं नाक वर उचलायची सोय) असेल तर आधीच उचला, नसेल तर समोरून वाहन नाही बघून तिरकी घ्या. घासल्याचा आवाज आला तर लगेच सपाट जागी थांबून खाली वाका: तेल किंवा कूलंट ठिबकत असेल तर इंजिन बंद करा आणि फ्लॅटबेडला फोन लावा, नुसतं प्लास्टिकचं आवरण लोंबत असेल तर केबल टायनं बांधून पुढच्या गावापर्यंत सावकाश जाता येतं.