मुंबईत गुलाब लावायचा तो दसऱ्याला

पुण्या-नाशिकच्या नातेवाइकांचं ऐकून मुंबईत गुलाब लावू नका. त्यांची हवा कोरडी, आपली दमट. पहिली सर पडली की सगळे नर्सरीकडे धावतात, आणि गुलाबासाठी आपल्याकडे तोच काळ सर्वात वाईट. पान सलग सातेक तास ओलं राहिलं की काळ्या ठिपक्यांची बुरशी आत शिरते, आणि जुलैत तर पान सुकायला उसंतच मिळत नाही. म्हणून रोप आणायचं ते पाऊस पुरता सरल्यावर, दसरा-दिवाळीच्या दरम्यान.

मी मुलुंडला तळमजल्यावर राहते. माझे गुलाब इमारतीच्या पूर्वेकडच्या कुंपणालगत आहेत, कारण तिथे सकाळपासून दुपारपर्यंत ऊन असतं. निदान पाच-सहा तास थेट ऊन नसेल तर गुलाबाच्या नादी लागू नका, मोगरा लावा.

सोसायटीच्या आवारातली माती आधी खणून बघा. बहुतेक ठिकाणी वरच्या वीतभर मातीखाली बांधकामाचा राडारोडा असतो. त्यातल्या सिमेंट-चुन्यामुळे गुलाबाची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डा घेऊन तो राडा काढून टाका. लाल माती दोन भाग, चांगलं कुजलेलं शेणखत एक भाग, शिवाय दोन मुठी निंबोळी पेंड आणि मूठभर बोनमील असं मिश्रण भरा. वाफा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच ठेवा, पाणी तुंबता कामा नये.

रोप डोळा भरलेलं, म्हणजे जंगली गुलाबाच्या खुंटावर हव्या त्या जातीचा डोळा बसवून केलेलं कलम घ्या. खोडावर जिथे डोळा भरलाय तिथे गाठ दिसते, ती मातीच्या दोन बोटं वर राहायला हवी. आमचे माळीदादा दर वेळी म्हणतात, "ताई, जरा खाली दाबू का? झाड घट्ट बसेल." मी नाही म्हणते. गाठ मातीत गेली की आपल्या दमट हवेत ती कुजायची भीती. गाठीच्या खालून फुटवा आला तर तो खुंटाचा. तो वरून कापू नका, माती बाजूला करून बुडातून ओढून काढा. ठेवलात तर दोन वर्षांत खुंटच राहील आणि तुमची ग्लॅडिएटरसारखी हौसेने आणलेली जात गायब होईल.

छाटणी सगळ्यात महत्त्वाची, आणि लोक नेमकी तिथेच हात आखडतात. लावलेल्या रोपाची छाटणी पुढच्या वर्षापासून, ऑक्टोबरच्या मध्यावर. आधी सुकलेल्या, किडक्या आणि आतल्या बाजूला वळलेल्या फांद्या काढा. उरलेल्या चार-पाच जाड फांद्या निम्म्याने कमी करा. बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, शोधा, त्याच्या अर्धा सेंटिमीटर वर तिरका काप द्या आणि कापलेलं तोंड नीट बघा. आतला गाभा पांढरा-हिरवट असेल तर थांबा. तपकिरी असेल तर मर, म्हणजे फांदी टोकाकडून वाळत जाण्याचा रोग, खाली उतरते आहे, म्हणून पांढरा गाभा लागेपर्यंत खाली कापत जा, फांदी कितीही लाडकी असली तरी. कात्री प्रत्येक झाडानंतर स्पिरिटने पुसा. कापांना बोर्डो पेस्ट हा बुरशी रोखणारा लेप लावा: १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम चुना, १ लिटर पाणी, प्लास्टिकच्या भांड्यात. छाटल्यावर शेणखत घाला. साधारण दीड महिन्यात फुलं येतात, म्हणजे डिसेंबरात झाड भरतं.

ठिपक्यांची पानं खालून पिवळी होत गळतात. ती रोज वेचा आणि कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये अजिबात नको. पाणी सकाळी, बुंध्याशी. मार्चनंतर पानांखाली बारीक जाळी दिसली तर ती लाल कोळी ही कीड. तेव्हा मात्र सकाळी पाइपाने पानांच्या खालच्या बाजूवर जोरात पाणी मारा, उन्हात ती लगेच सुकतात. मावा आला तर १ लिटर पाण्यात ५ मिली कडुलिंबाचं तेल आणि साबणाचे चार थेंब, फवारणी संध्याकाळी ऊन उतरल्यावर.

एप्रिल-मेमध्ये बुंध्याभोवती नारळाच्या शेंड्या पसरा. जून लागला की त्या उचला आणि सप्टेंबरपर्यंत खत बंद ठेवा.