पुरस्कार मिळालेल्या माणसाला बोलतं करताना

आमच्या वेंगुर्ल्याच्या वाचनालयासाठी मी गेली काही वर्षं एक काम मनापासून करते. सिंधुदुर्ग जिल्ह्यात ज्यांना कलेसाठी, संशोधनासाठी, लेखनासाठी पुरस्कार मिळाले, त्यांच्या घरी जायचं, त्यांचं काम त्यांच्याच तोंडून ऐकायचं, मोबाइलवर घ्यायचं आणि वहीत उतरवायचं. आजूबाजूच्या गावांतली मुलं आता विचारतात, हे कसं करायचं? म्हणून लिहिते आहे.

सत्काराच्या दिवशी जाऊ नका. त्या दिवशी माणूस आभारच मानतो. दशावतारी कलावंताकडे जायचं तर पावसाळ्यात जा, भाताची लावणी आटपल्यावर, गणेशचतुर्थीच्या आधी. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की तो रात्रभर उभा असतो आणि दिवसा झोपलेला. त्याची झोप मोडून मिळालेली मुलाखत कामाची नसते.

जाण्याआधी वाचा. मला सगळ्यात उपयोगी पडलेला प्रश्न धर्मशास्त्राचे अभ्यासक पां. वा. काणे यांच्यामुळे सुचला. चिपळूणजवळच्या पेढे-परशुरामचा जन्म, शाळा दापोलीची, १९६३ साली भारतरत्न. ‘व्यवहारमयूख’ या ग्रंथाचं संपादन करताना प्रस्तावनेदाखल धर्मशास्त्राचा इतिहास थोडक्यात लिहावा, एवढंच त्यांच्या मनात होतं. त्याचे पाच खंड झाले. पहिला १९३० साली आला, शेवटचा १९६२ साली, तेव्हा त्यांचं वय ८२ होतं. तेव्हापासून ‘एवढं मोठं काम कसं केलंत?’ असं मी कुणालाच विचारत नाही. विचारते, ‘सुरुवातीला केवढं ठरवलं होतंत?’ यावर माणूस थांबतो, आठवतो, मग बोलतो.

संशोधकाला फेकून दिलेल्या गोष्टींबद्दल विचारा. आमच्या वेंगुर्ल्याला फळसंशोधन केंद्र आहे, त्यामुळे आंबा-काजूवर काम केलेली माणसं इथं भेटतात. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ झाला, १९८१ साली प्रसारित झाला. त्याचा पुन्हा हापूसशी संकर करून ‘सिंधू’, १९९२ साली. एवढं पुस्तकातही मिळतं. तुम्ही विचारा, मोहोरातल्या किती फुलांवर हातानं पराग लावले, फळं किती टिकली, रोपं वाढवून फळाला येईपर्यंत किती वर्षं गेली आणि त्यातली किती झाडं तोडायला लागली. हापसात साका धरतो, म्हणजे गर आतून पांढरट, स्पंजासारखा होतो, म्हणून बागायतदार हळहळतो, ती हळहळ या माणसानं वर्षानुवर्षं डोक्यात बाळगलेली असते. आणखी एक विचाराच: मोहोरावर पराग लावणारे हात कुणाचे होते? त्या मजुरांची नावं कागदावर सहसा येत नाहीत. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

कलावंताकडे मात्र प्रश्न कमी, वस्तू जास्त. कुडाळजवळच्या पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्यांनी घरच्या गुरांच्या गोठ्यातच संग्रहालय उभं केलं, तिथं चित्रकथीच्या (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला) पोथ्या, कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्या आहेत. आधी ते बघून या. बघितल्यावर प्रश्न आपोआप बदलतात.

मी हे चुकून शिकले. एका वयस्कर दशावतारी नटाकडे गेले होते. उभी हयात स्त्री-भूमिका केलेल्या. पहिला प्रश्न विचारला, पुरस्कार मिळाल्यावर काय वाटलं? ते म्हणाले, “काय सांगू गो बाय, देवान करून घेतल्यान.” पुढे गप्प. मी वही मिटली आणि सहज म्हटलं, तुमचा पेटारा दाखवाल? ते उठले. आतून एक नऊवारी काढली, काठ विरलेला, कमरेच्या जागी घामानं रंग उतरलेला. बसल्या बसल्या त्यांनी निरीचं टोक दोन बोटांत धरलं आणि अंगठ्यानं चुण्या मोडत गेले. युद्धाच्या प्रसंगाआधी ती निरी किती वर खोचायची, रडायच्या प्रसंगात पदर कुठल्या खांद्यावरून सोडायचा, हे बोटं सांगत होती, तोंड मागून येत होतं. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, आख्यान ठरलं की नट उभ्या उभ्या बोलतात. ते कसं सुचतं, तेही त्यांनी तेव्हाच सांगितलं: समोरचा राजा शेवटचा शब्द कुठल्या सुरात टाकतो, तिकडे कान ठेवायचा. पुढचा दीड तास मी एकही प्रश्न विचारला नाही.

रेकॉर्डिंगचं थोडक्यात. पंखा बंद करा, फोन फ्लाइट मोडवर टाका, घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा. पत्र्यावर पाऊस सुरू झाला तर काही ऐकू येत नाही, तेव्हा कौलारू खोलीत बसा, कपडे-अंथरुणं असलेली असेल तर उत्तम. सुरुवातीला तारीख, गाव आणि नाव स्वतः बोला. माणूस गप्प झाला की मनात दहा आकडे मोजा. घाईनं पुढचा प्रश्न टाकू नका.

उतरवताना मालवणी मालवणीतच ठेवा. आणि छापण्याआधी परत जाऊन वाचून दाखवा. नको म्हणतील ते वगळा, कारण न विचारता. त्या नटांना मी सगळं वाचून दाखवलं. डोळे मिटून ऐकत होते. एकाच ठिकाणी हात वर केला. मी ‘साडी’ लिहिलं होतं.

“साडी न्हय गो,” म्हणाले, “लुगडा.”