प्रीकास्टचं काम फसतं कुठे? या चुका टाळा

प्रीकास्ट म्हणजे भिंती-स्लॅब कारखान्यात ओतायचे, ट्रेलरवर आणायचे, क्रेनने उचलून बसवायचे. माणसं कमी, वेळ कमी. हे खरंच होतं. सिडकोने २०२२ मध्ये नवी मुंबईतल्या बामणडोंगरीला ९६ घरांची बारा मजली इमारत ९६ दिवसांत प्रीकास्टनेच उभी केली. पण हा वेग बघून उडी घेणारे ठेकेदार एक गोष्ट विसरतात. साइटवरून कमी झालेलं काम नाहीसं होत नाही. त्यातलं बरंचसं आधी ड्रॉइंगमध्ये आणि शेवटी जोडात करावं लागतं. घोळ होतात तेही तिथेच.

साचा लागल्यावर बदल. नेहमीच्या आरसीसी कामात स्लॅब पडल्यावरही प्लंबर छिन्नी-हातोडा घेऊन वाट काढतो. इथे ती सोय नाही. बाथरूममधल्या सांडपाण्याच्या ट्रॅपची जागा चुकली, तर तीच चूक त्या साच्यातून निघालेल्या प्रत्येक पॅनेलमध्ये जाते. मग साइटवर कोर कटिंग, म्हणजे मशीनने गोल भोक पाडणं, सुरू होतं आणि त्यात सळई कापली जाते. प्लंबर, इलेक्ट्रिशियन आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर या तिघांच्या सह्या झाल्याशिवाय साचा भरू नका. पहिलं पॅनेल निघालं की टेप लावून स्वतः मोजा, मगच दुसरं ओता.

स्लॅबच्या वरच्या बाजूला मधोमध आडवी चीर. दोष काँक्रीटला देण्याआधी यार्डात जाऊन थप्पी बघा. स्लॅब दोन टोकांजवळच्या ठोकळ्यांवर ठेवायचा असतो. कुणीतरी ‘आधार’ म्हणून मध्ये तिसरा ठोकळा सरकवतो, टोकांचे ठोकळे थोडे दबतात आणि सगळा भार मध्यावर येतो. मुख्य सळया खालच्या बाजूला असतात, म्हणून चीर वर पडते. थप्पीतले ठोकळे एकाखाली एक, सरळ ओळंब्यात हवेत.

आखूड स्लिंग, म्हणजे क्रेनच्या हुकाला पॅनेल टांगायचा दोर. चार टनांचं पॅनेल दोन पायांच्या स्लिंगने उचलताना आडव्याशी ६० अंशांचा कोन असेल, तर प्रत्येक पायावर सुमारे २.३ टन ताण येतो. कोन ३० अंशांवर आला की तोच ताण चार टन होतो. पॅनेलमध्ये बसवलेला हूक उपटून येण्याचं हे एक मोठं कारण आहे. लांब स्लिंग किंवा स्प्रेडर बीम (दोर लांब धरून ठेवणारा आडवा दांडा) वापरा.

जोड. सगळ्यात जास्त जपायचं ते इथे. लंडनमधली रोनन पॉइंट ही २२ मजली इमारत मोठाल्या प्रीकास्ट पॅनेलची होती. मे १९६८ मध्ये अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला, एक भार पेलणारी भिंत बाहेर फेकली गेली आणि इमारतीचा अख्खा कोपरा वरपासून खालपर्यंत ढासळला. चार माणसं गेली. इमारत तेव्हा नवीकोरी होती. १९८६ मध्ये ती उतरवताना जोड नीट भरलेलेच नव्हते, हे उघड झालं.

भिंतीखालच्या स्लीव्हमध्ये, म्हणजे जोडाच्या सळया ज्यात शिरतात त्या नळीत, ग्राऊट (सिमेंटचं पातळ मिश्रण) खालच्या तोंडातून भरतात. वरच्या तोंडातून ते बुडबुड्यांशिवाय सलग बाहेर आलं, तरच बूच मारायचं. न येताच बूच मारलं तर आत पोकळी राहते आणि बाहेरून काहीच कळत नाही. भर दुपारी ग्राऊट लवकर घट्ट होऊ लागतं, म्हणून मजूर वरून पाणी ओततात आणि ताकद तिथेच जाते. पाणी मापाने घ्या, काम सकाळी लवकर उरका. ग्राऊटला ताकद येईपर्यंत टेकू काढू नका, मुकादम कितीही घाई करो.

पहिल्या पावसात गळती. बाहेरच्या फटीत सीलंट (रबरासारखं ताणणारं भरण) भरण्याआधी धूळ साफ केली होती का, आत बॅकर रॉड (फोमची गोल पट्टी) बसवला होता का, ते तपासा. सीलंटने दोन्ही कडांनाच धरायचं असतं. मागेही चिकटलं की ते हालचालीबरोबर ताणू शकत नाही आणि फाटतं. वरून आणखी थर मारून गळती थांबत नाही. जुनं खरवडून काढावंच लागतं.

यातलं बरंचसं काम रिगर (पॅनेल क्रेनला बांधून बसवणारे) आणि ग्राऊट भरणारे करतात, आणि मजुरी वाचवायची म्हटली की पहिली कात्री त्यांच्यावरच चालते. ही टोळी शिकवून तयार करा, पहिल्या मजल्यापासून शेवटच्या मजल्यापर्यंत तीच ठेवा. त्यांना रोजावर पैसे द्या, जोडाच्या नगावर नको. नगावर दिलं की बूच लवकर लागतं.