गोव्यात नवं किचन करताय? रेट विचारण्याआधी या चुका टाळा

चार दुकानं फिरून चार कोटेशनं आणली की पहिली चूक तिथंच होते. आपण रेट बघतो. एक जण १,६०० रुपये चौरस फूट सांगतो, दुसरा ४,२०० रुपये रनिंग फूट (म्हणजे नुसती लांबी), आणि तिसरा हसत म्हणतो, "आमचा रेट फक्त ४००." (हे आकडे हिशेब कळावा म्हणून घेतलेत, बाजारभाव म्हणून नव्हे.) साहजिकच मन तिसऱ्याकडे धावतं.

आता गणित करून बघा. ओटा सरळ, १० फुटांचा आहे असं धरा. पहिला फक्त दर्शनी भाग मोजतो. खाली १० बाय अडीच म्हणजे २५, वर १० बाय २ म्हणजे २०, एकूण ४५ चौरस फूट. त्याचे झाले ७२,०००. दुसरा खालची कपाटं १० फूट आणि वरची १० फूट अशी वेगवेगळी धरतो, म्हणजे २० रनिंग फूट, ८४,०००. तिसरा कपाटाची प्रत्येक फळी मोजतो. बाजू, तळ, मधला कप्पा, पाठ, शटर असं सगळं मिळून २०० चौरस फुटांच्या वर सहज जातं, म्हणजे ८०,००० पार. ४०० वाला स्वस्त नव्हताच, त्याची मोजपट्टी वेगळी होती.

ओटा एल आकाराचा असेल तर आणखी एक गोम. भिंती १० आणि ८ फूट म्हणून १८ रनिंग फूट लावले जातात, पण कोपऱ्यातले २ फूट त्यात दोनदा आलेले असतात. आणि त्याच कोपऱ्यातल्या खास ट्रॉलीचे पैसे पुन्हा वेगळे.

म्हणून रेट विचारूच नका. स्वतः एक पान लिहा: मापं, खाली किती ट्रॉल्या, वर किती शटर, प्लाय कुठला, जाडी किती, बिजागऱ्या कुठल्या. तेच पान सगळ्यांना द्या आणि एकूण रक्कम मागा. ग्रॅनाइट, सिंक, नळ, चिमणी, प्लंबिंग, वायरिंग, जुना ओटा फोडून माल उचलणं, वाहतूक यातलं काय धरलंय आणि काय नाही, हे त्यावरच लिहून घ्या. कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरात 'जीएसटी एक्स्ट्रा' असतं. तो १८ टक्के आहे, म्हणजे लाखाला १८ हजार.

"मरीन प्लाय आहे" या शब्दावर विश्वास

हे दोन शब्द इतके सैल वापरले जातात की त्यांना काही किंमत उरलेली नाही. विचारायचं ते आयएस (भारतीय मानक) नंबर. आयएस ७१० म्हणजे खरा मरीन, उकळत्या पाण्यात ७२ तास टिकण्याची कसोटी असलेला. आयएस ३०३ मध्ये दोन प्रकार येतात. बीडब्ल्यूआर हा पाण्याला बऱ्यापैकी दाद न देणारा, आणि एमआर, ज्याला दुकानात कमर्शिअल म्हणतात, तो नुसती दमट हवा सोसणारा. "३०३ चा आहे" एवढंच कोणी सांगितलं तर ते अर्धं उत्तर झालं.

शिक्का प्लायच्या शीटवर असतो, आणि लॅमिनेट चिकटलं की तो गडप होतो. म्हणून माल कापायच्या आधी वर्कशॉपमध्ये जा, शिक्क्याचा आणि सीएम/एल (परवाना) नंबराचा फोटो काढा, आणि बीआयएस केअर ॲपवर तो परवाना कोणाच्या नावावर आहे ते तपासा. तेवढंही नको असेल तर कापलेला एक तुकडा मागून आणा आणि जुन्या टाकाऊ भांड्यात (रोजच्या नको, त्यात गोंदाची रसायनं उतरतात) तीन-चार तास उकळा. कमर्शिअलचे पदर वहीच्या पानांसारखे सुटतात.

पण सगळं किचन ७१० मध्येच करा, असं मी म्हणणार नाही. तो पैशांचा अपव्यय आहे. पाणी जिथं पोचतं तिथं पैसा घाला, म्हणजे ओट्याखालची कपाटं आणि त्यातही सिंकचं कपाट. वरच्या कपाटांना बीडब्ल्यूआर पुरतो, आणि वरची शटर एमडीएफवरच्या (लाकडी तंतू दाबून केलेला बोर्ड) चकचकीत ॲक्रिलिकची केली तरी चालतं. बहुतेक जण नेमकं उलट करतात. शोरूममध्ये शटरचा चकचकाट बघून भुलतात आणि आतल्या डब्याला पार्टिकल बोर्ड (लाकडाच्या चुऱ्याचा) पत्करतात. आपल्याकडच्या जून ते सप्टेंबरच्या हवेत तो बोर्ड किती तग धरेल, हे सांगायला नको. शेगडीजवळच्या शटरला पीव्हीसी मेम्ब्रेन (प्लास्टिकचा पातळ थर) मात्र घेऊ नका, उष्णतेनं कडेपासून सुटतं.

सिंकखाली वाकून न बघणं

ताबा घेताना सगळे शटर उघडझाप करून बघतात, सॉफ्ट क्लोज हळूच मिटलं की खूश होतात. त्यापेक्षा मोबाइलचा टॉर्च लावा आणि सिंकखाली डोकं घाला. सांडपाण्याचा पाइप जिथं पाठीतून किंवा तळातून जातो, तिथलं भोक फिटरनं जागेवर कापलेलं असतं. त्या कापलेल्या कडेवरून बोट फिरवा. कुसळं लागली, प्लायचे पदर उघडे दिसले, तर कपाट फुगायला सुरुवात तिथूनच होणार. फॅक्टरीत लावलेली एज बँडिंग (कडेवरची टेप) कितीही सुबक असो, जागेवर मारलेल्या कापाला ती नसते. त्या कडेला सिलिकॉन किंवा वॉटरप्रूफ लेप त्याच दिवशी, फिटर समोर असतानाच लावून घ्या.

शटरची खालची कडही अशीच चाचपून बघा. दिसणाऱ्या तीन कडांना टेप आणि चौथी कोरी, हा प्रकार सर्रास चालतो. फरशी धुताना पाणी नेमकं चौथीलाच लागतं. कपाटं पीव्हीसीच्या पायांवर, फरशीपासून ४ इंच वर हवीत आणि स्कर्टिंग (पायांपुढची पट्टी) काढता येणारं हवं, म्हणजे मागे वाळवी आली तर वेळेत कळेल.

सिंकच्या कपाटाचा तळ तर मी प्लायचा करूच नये म्हणेन. ग्रॅनाइटची उरलेली पट्टी, डब्ल्यूपीसी (प्लास्टिक आणि लाकडी भुकटीचा बोर्ड), काहीही चालेल. खरं सांगायचं तर जुन्या पद्धतीचा कडप्प्याच्या उभ्या फळ्यांचा ओटा आणि त्याला नुसती शटर व ट्रॉल्या, हा पर्याय आज हिणवला जातो, पण ओट्याखाली गोव्याच्या हवेला तो सर्वांत सोसणारा आहे. त्यात थोडी रुंदी जाते, फळ्या ओळंब्यात नसतील तर शटर तिरकी बसतात, आणि पुढेमागे घर बदललं तर तो उचलून नेता येत नाही. हे तोटे मान्य असतील तर खर्चही कमी.

चिऱ्याच्या भिंतीला सिमेंटची भिंत समजणं

डिचोली-पेडण्याकडच्या जुन्या घरांत ही चूक हमखास दिसते. चिरा (जांभा दगड) मऊ आणि सच्छिद्र. ड्रिल मारलं की भोक हवं त्यापेक्षा मोठं होतं, प्लास्टिकची गिट्टी आत गरगर फिरते, फिटर तिला काडी लावून घट्ट करतो आणि निघून जातो. मग त्या कपाटात तांदूळ-डाळींचे डबे चढतात. वरच्या कपाटांचा भार ओढून धरायला भिंतभर लांबीची धातूची पट्टी लावा, म्हणजे वजन एका भोकावर न पडता वाटलं जातं. चिऱ्यात केमिकल अँकर (भोकात रसायन भरून पक्का केलेला बोल्ट) मागा, किंवा खालून लोखंडी अँगलचा आधार द्या.

चिरा ओलही पितो. पावसाचा मारा घेणाऱ्या भिंतीला आतून कपाटं लावायची असतील तर आधी बाहेरचा गिलावा दुरुस्त करा. ओल्या भिंतीवर कपाट चढवलं की ओल जात नाही, फक्त दिसेनाशी होते, आणि मग पाठीवर बुरशी धरते.

चवथीची मुदत

गणपती यायच्या आत किचन हवं, या एका हट्टापायी किती घरांत घाई होते! ऐन पावसात भिंत सुकलेली नसते, सुतार एकाच वेळी पाच घरी शब्द देऊन बसलेला असतो, आणि तुम्हीच "कसंही करून उरका" म्हणता. भिंतीची ओल जुलैत बघून ठेवा, काम दिवाळीनंतर काढा. सणाला जुना ओटा चालतो.

काही छोट्या गोष्टी, पटापट. स्टीलच्या जाळ्या ३०४ ग्रेडच्याच घ्या, खाऱ्या हवेत २०२ ला तांबूस डाग पडतात. लोहचुंबक लावून बघू नका, तो दोन्हींना सहसा चिकटत नाही, त्यामुळे बिलावर ग्रेड लिहून घेणं हाच इलाज. चिमणीचा ६ इंची पाइप वाटेत ४ इंची करू देऊ नका. रोज मासळी तळणाऱ्या घरात तेवढ्यानंच वास बैठकीपर्यंत जातो. गॅस सिलिंडरच्या कपाटाला हवेची जाळी खाली ठेवा, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर तळाशी साचतो.

बसवल्यावर बिघडलं तर

शटर एकमेकांना घासत असतील तर लगेच रंधा मारू नका. चांगल्या बिजागरीला वर-खाली, आजूबाजूला आणि आत-बाहेर असे स्क्रू असतात. स्क्रूड्रायव्हर अर्धा फेरा फिरवला की बहुतेक वेळा काम होतं. स्क्रूच सैल होऊन निघत असेल तर तेच भोक मोठं करत बसण्यापेक्षा बिजागरीची पट्टी इंचभर सरकवून नव्या लाकडात बसवा. सिंकला दुर्गंधी येत असेल तर खाली बॉटल ट्रॅप आहे की नुसता वळणावळणाचा लवचिक पाइप, ते बघा. ट्रॅपमध्ये पाणी अडून राहतं, ते नसेल तर गटाराचा वास थेट वर येतो.

फळी फुगली असेल तर मात्र घरगुती उपाय नाही, ती बदलूनच घ्यावी लागते. म्हणून शेवटचे १० टक्के एक पावसाळा उलटेपर्यंत अडवून ठेवायची अट सुरुवातीलाच घाला. सगळे मानणार नाहीत, मग निदान वॉरंटीच्या कागदावर 'पाण्यानं फुगणं' धरलंय की वगळलंय ते वाचा. बहुधा वगळलेलं असतं.

काम बेळगावच्या माणसाला दिलं असेल तर दुरुस्तीसाठी तो चोर्ला घाट चढून-उतरून कधी येणार, हेही त्याच कागदावर तारखेनिशी हवं. टाळाटाळ झालीच तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, विक्रेता घाटापलीकडचा असला तरी. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. मुदत २ वर्षांची, आणि सोबत लागतील ते बिल, कोटेशनचं ते पान आणि प्लायच्या शिक्क्याचा फोटो.