पहिला गेम जॅम: ४८ तासांत काय करावं

गेम जॅम म्हणजे ठरलेल्या वेळात गेम बनवण्याचा उपक्रम. लुडम डेअर या ऑनलाइन गेम जॅमच्या कॉम्पो गटात ४८ तासांत एकट्याने गेम पुरा करायचा असतो. म्हणून खेळाडूची कृती एकच ठरवा: उडी मारणं किंवा खोकं ढकलणं. चित्रं काढण्याआधी साध्या रंगीत चौकोनांवर ती खेळून बघा. तिथे मजा आली नाही, तर चित्रांनीही येत नाही.

गोडो या गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरमधून वेब एक्स्पोर्ट (ब्राउझरमध्ये चालणारी आवृत्ती) पहिल्याच रात्री काढा आणि इच.आयओ या गेम ठेवायच्या साइटवर चढवून बघा. घोळ होतो तो इथेच. मुख्य फाइलचं नाव ‘इंडेक्स.एचटीएमएल’ हवं. फाइलच्या नावातलं कॅपिटल अक्षर कोडमध्ये स्मॉल लिहिलं, तर विंडोजवर चालतं, एक्स्पोर्टमध्ये चित्र सापडत नाही; सगळी नावं स्मॉलमध्येच ठेवा. क्लिक झाल्याशिवाय ब्राउझर सहसा आवाज वाजू देत नाही, त्यामुळे सुरुवातीला ‘खेळा’ बटण हवंच.