लुंबिनीच्या वाटेवर जुलाब लागले तर : या चुका टाळा

दिवाळी आटोपून कापसाची पहिली वेचणी घरात आली की यवतमाळ-वाशीमकडच्या गावांतून लुंबिनी, काठमांडूच्या सहली निघू लागतात. नेपाळला पासपोर्टऐवजी मतदार ओळखपत्रही चालते, त्यामुळे सोनौलीची सीमा ओलांडताना आपण परदेशात आलो असे फारसे कुणाला वाटत नाही. पोटाला मात्र ते लवकरच कळते. अशा दोन सहलींत औषधांची पिशवी माझ्याकडे होती. तेव्हा पाहिलेल्या चुका बहुतेक काळजीपोटीच झालेल्या होत्या.

बाटलीबंद पाणी विकत घ्यायचे आणि त्याच जेवणात नळाच्या पाण्याने धुतलेला कांदा, काकडी व बर्फ घातलेला रस घ्यायचा, ही नेहमीची गोष्ट. ईकोलाय, कॅम्पायलोबॅक्टर, शिगेला हे जंतू अशाच वाटांनी पोटात शिरतात. दात घासण्यासाठीही पिण्याचेच पाणी वापरावे. पाणी उकळायचे असेल तर खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट पुरते. मुक्तिनाथासारख्या, 2000 मीटरहून उंच ठिकाणी मात्र तीन मिनिटे उकळावे. जेवण वाफाळते असावे आणि फळ स्वतः सोललेले असावे. घरून फुटाणे, मुरमुरे, कोरडा चिवडा जरूर न्यावा, पण ‘घरचीच आहे’ म्हणून डब्यातली ओली भाजी दुसऱ्या दिवशी खाऊ नये. सॅनिटायझरवरही फार विसंबू नये, कारण नोरोव्हायरससारख्या विषाणूवर त्याचा प्रभाव कमी पडतो. तेथे साबण आणि पाणीच हवे.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो ओआरएसचा. खरे तर आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत उन्हाच्या भीतीने घराघरांत ही पाकिटे असतात, तरीही ती नीट कालवणारी माणसे थोडीच भेटतात. एक लिटरचे पाकीट एका पेल्यात ओतले, तर ते दाट मिश्रण आतड्यातच पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढवते. उलट चिमूट-चिमूट पावडर टाकली, तर अंगातून गेलेले मीठ भरून निघत नाही. साखर आणि मीठ ठरावीक प्रमाणात एकत्र असले म्हणजे आतडे दोन्ही शोषून घेते व त्यांच्यामागे पाणीही आत जाते, एवढीच या औषधाची करामत आहे. 1971 साली पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच मिश्रणावर असंख्य पटकीग्रस्तांना वाचवले होते. पाकिटावर 200 मिलिलिटर लिहिले आहे की एक लिटर, ते वाचून पूर्ण पाकीट तेवढ्याच पाण्यात मिसळावे आणि 24 तासांनी उरलेले फेकून द्यावे. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा असावा. प्रत्येक जुलाबानंतर मोठ्या माणसाने एक-दोन पेले घ्यावेत आणि उलटी झालीच तर दहा मिनिटे थांबून चमच्या-चमच्याने पुन्हा सुरू करावे. मधुमेही मंडळी साखरेच्या धास्तीने ओआरएस टाळतात, तेही चूकच आहे. त्यांनी ते घ्यावे व रक्तातील साखर तपासत राहावे.

बस थांबवावी लागू नये म्हणून जुलाब रोखणारी लोपेरामाइडची गोळी घेणारेही असतात. ताप नसेल आणि शौचातून रक्त पडत नसेल तर मोठ्या माणसाने प्रवासापुरती ती घेण्यास हरकत नाही, परंतु या दोहोंपैकी एकही लक्षण असेल तर ती घेऊ नये. लहान मुलांना तर देऊच नये. मेडिकलवाल्याने दिलेली नॉरफ्लॉक्सॅसिन-टिनिडॅझोल या प्रतिजैविकांची गोळी दोन वेळा घेऊन सोडून देणे ही आपली जुनी सवय आहे. या गटातील अनेक औषधांना दक्षिण आशियातले जंतू आता दाद देत नाहीत, आणि साधे जुलाब तीन ते पाच दिवसांत प्रतिजैविकाशिवायही बरे होतात. गरज पडल्यास कोणते औषध घ्यायचे, हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. आखातात किंवा सिंगापूरला जाणाऱ्यांनी आजीच्या सांगण्यावरून जुलाबावर म्हणून खसखस मुळीच नेऊ नये. संयुक्त अरब अमिरातीत आणि सिंगापुरात तिच्यावर बंदी आहे.

पोटाला विश्रांती म्हणून उपाशी राहणेही बरे नव्हे. भंडारा-गोंदियाकडे देतात तशी मीठ घातलेली तांदळाची पेज, वरणभात किंवा केळे खावे.

लघवी फार कमी झाली, उभे राहताच भोवळ आली, शौचातून रक्त पडले किंवा ताप चढला, तर ‘गावी गेल्यावर पाहू’ म्हणत गोरखपूरपर्यंत थांबू नये. जवळच्या दवाखान्यात जावे. म्हातारी माणसे आणि रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणारे यांच्या बाबतीत तर डॉक्टरांना त्याआधीच विचारलेले बरे.

घरी परतल्यावर दोन आठवड्यांनंतरही पोट ठिकाणावर येत नसेल तर जिआर्डियासारख्या परजीवीची शंका घेऊन शौचाची तपासणी करून घ्यावी लागते. ती लिहून देण्यासाठी तालुक्याच्या डॉक्टरांना आपण नेपाळला जाऊन आलो हे कळायला हवे, आणि नेमके तेवढेच सांगायचे राहून जाते.