बाटलीवर कडुनिंबाचं पान आहे म्हणून भुलू नका: कुत्र्यासाठी नैसर्गिक शाम्पू घेताना या चुका टाळा

दुकानात शाम्पूची बाटली हातात आली की आधी ती उलटी करा. पुढच्या बाजूला कडुनिंबाची डहाळी, कापलेली कोरफड, हिरव्या अक्षरांत ‘ऑरगॅनिक’ आणि ‘केमिकल-फ्री’. मागे बऱ्याचदा तीनच ओळी सापडतात: निंब अर्क १ टक्का, रिठा अर्क १ टक्का, आणि शेवटी ‘शाम्पू बेस क्यू. एस.’ क्यू. एस. म्हणजे ‘लागेल तितका’. थोडक्यात, बाटलीत ९८ टक्के काय आहे ते लिहिलेलंच नाही. फेस येतो तो त्या बेसमधून, मळ निघतो तोही त्यातूनच, आणि कातडी कोरडी पडली तर तीही त्याच्यामुळेच. पहिली चूक इथे होते: आपण त्या दोन टक्क्यांचे पैसे मोजतो आणि उरलेल्याबद्दल विचारत नाही.

कायद्याचा आधार इथे फारसा मिळत नाही. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात सौंदर्यप्रसाधनाची व्याख्या ‘मानवी शरीरावर’ वापरण्याच्या वस्तूंपुरती आहे. माणसाच्या शाम्पूवर घटकांची पूर्ण यादी छापावी लागते, कुत्र्याच्या शाम्पूवर ती असेलच असं नाही. धान्य-मसाल्यांच्या पाकिटावर दिसणारं ‘जैविक भारत’ हे चिन्ह खाद्यपदार्थांसाठी आहे, शाम्पूसाठी नाही. तेव्हा कुठलं प्रमाणपत्र आणि कोणत्या संस्थेचं, हे न सांगता छापलेला ‘ऑरगॅनिक’ शब्द म्हणजे नुसती सजावट. पूर्ण यादी छापणारा साधा शाम्पू हा यादी लपवणाऱ्या ‘हर्बल’ शाम्पूपेक्षा केव्हाही बरा.

यादी कशी वाचायची

पूर्ण यादी असेल तर पाण्यानंतरची पहिली चार-पाच नावं बघा, शाम्पूचा स्वभाव तिथेच कळतो. डेसिल ग्लुकोसाइड, कोको ग्लुकोसाइड, कोकामिडोप्रोपिल बीटेन ही नावं वर असतील तर फेस कमी येईल, पण धुलाई सौम्य होईल. सोडियम लॉरिल सल्फेट म्हणजे एसएलएस वर असेल तर कातडीतलं तेल खरवडून निघतं. आता गंमत बघा. पुढे ठळक ‘एसएलएस-मुक्त’ आणि मागे ‘सोडियम कोको सल्फेट’. नाव नारळाचं, पण नारळतेलातला मोठा हिस्सा लॉरिक आम्लाचाच असल्यामुळे त्यातला बराचसा भाग पुन्हा लॉरिल सल्फेटच असतो. गैर काही नाही, पण ‘मुक्त’ म्हणून दीडपट पैसे कशाला द्यायचे?

दुसरं फसवं नाव ‘सॅपोनिफाइड कोकोनट ऑइल’. हा मुळात द्रव साबण. खरा साबण अल्कधर्मीच असतो, पीएच (आम्ल-अल्कपणाचं माप, ७ म्हणजे मधोमध) ९ च्या पुढे. त्यात तुमच्याकडे बोअरवेलचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर तो फेसाळतच नाही, केसांवर पांढुरका चिकट थर बसतो. लोक म्हणतात शाम्पू नकली निघाला. तो नकली नसतो, पाण्यातल्या कॅल्शियमशी साबणाचं जे व्हायचं तेच झालेलं असतं. जड पाण्याच्या घरात ग्लुकोसाइडवालाच शाम्पू घ्या, नाहीतर निदान शेवटचे दोन तांबे आरओ फिल्टरचं पाणी ओता.

पीएचचा बाऊ फार होतो, पण मुद्दा खरा आहे. माणसाची कातडी पीएच ५.५ च्या आसपास आम्लधर्मी असते, कुत्र्याची साधारण ६.५ ते ७.५. जातीनुसार आणि अंगाच्या भागानुसार हा आकडा हलतो. शिवाय कुत्र्याच्या कातडीच्या वरच्या थरात पेशींचे पदर ३ ते ५, आपल्यात १० ते १५. आपला महागातला ‘नॅचरल’ शाम्पू एखाद्या वेळी लावला तर आकाश कोसळत नाही, पण दर महिन्याला तोच लावला तर कोंडा आणि खाज होऊ शकते. खात्री करायची तर पीएच पट्ट्यांचा पुडा आणा: एक चमचा शाम्पू, दहा चमचे पाणी, पट्टी बुडवा, रंग जुळवा. ६ ते ७.५ मध्ये आला की पुरे.

‘प्रिझर्व्हेटिव्ह नाही’ म्हणून खूश होण्याची चूक

यावर जरा थांबू, कारण सगळ्यात वाईट अपघात इथेच होतात.

शाम्पूत पाणी असतं, वनस्पतींचा अर्क असतो, आणि बाटली असते न्हाणीघरातल्या उबेत. जंतूंना यापेक्षा वेगळं काय लागतं? ते रोखायला परिरक्षक म्हणजे प्रिझर्व्हेटिव्ह लागतोच. ‘नैसर्गिक’ शाम्पूत बहुधा सोडियम बेन्झोएट नाहीतर पोटॅशियम सॉर्बेट घालतात. लोणच्या-सरबतात ते उत्तम चालतात, कारण तिथे आंबटपणा असतो. कुत्र्याच्या कातडीला जुळणारा पीएच ७ चा शाम्पू केला की या दोघांचा जोर जवळपास संपतो. म्हणजे पीएच बरोबर, परिरक्षक नैसर्गिक, आणि तरीही बाटली नासू शकते. फिनॉक्सीइथेनॉलसारख्या कृत्रिम परिरक्षकाचं नाव यादीत खाली दिसलं तर नाक मुरडू नका, ते तिथे असलेलं बरं.

त्याहून मोठी चूक म्हणजे शाम्पू पाण्यात कालवून ठेवणं. घट्ट शाम्पू लवकर पसरावा म्हणून निम्मं पाणी घालून बाटली कोपऱ्यात ठेवली जाते, महिन्याने तीच काढली जाते. पाणी वाढलं की परिरक्षकही निम्मा होतो आणि त्यात स्यूडोमोनास नावाचा जिवाणू मजेत वाढतो. तो शाम्पू केसांच्या उलट दिशेने खसाखसा चोळला की जंतू थेट केसांच्या मुळात उतरतात. एक-दोन दिवसांत कुत्रं मलूल होतं, ताप येतो, पाठीला हात लावला की केकाटतं. केस बाजूला केले तर कण्यालगत गडद, दुखरे फोड दिसतात. अनेकांना वाटतं पाठीत उसण भरली किंवा कुणीतरी मारलं. हा आजार खोलवरचा आहे, हळद लावून बसण्याचा नाही. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि आंघोळ कधी घातली ते आठवणीने सांगा.

म्हणून कालवायचं ते तेवढ्यापुरतंच. १०-१२ किलोच्या कुत्र्याला १५-२० मिली शाम्पू एका मगभर पाण्यात, लॅब्रॅडॉरला ३०-४० मिली अर्धा लिटर पाण्यात. उरलं तर ओतून द्या. बाटली उघडली त्या दिवशी मार्करने तारीख घाला. वास आंबूस झाला, थर वेगळे झाले किंवा रंग बदलला तर बाटली टाकून द्या. तीन महिन्यांत संपणार नाही एवढी मोठी बाटली स्वस्त पडते म्हणून घेऊच नका.

घरचं आहे, म्हणजे निर्धोक आहे?

झाडपाला सौम्य असतो हा समज आपल्याकडे आजीच्या बटव्याइतका पक्का. पण वनस्पती किड्यांना मारतात त्या विषाच्याच जोरावर. आणि आपण अंगाला लावलेलं चाटत नाही, कुत्रं चाटतं.

गोचिडांवर खोबरेल तेलात कापूर घालून चोळायची पद्धत सर्रास आहे. कापूर कातडीतूनही शोषला जातो आणि चाटून पोटात गेला तर झटके येऊ शकतात. तंबाखूच्या पाण्यात निकोटिन असतं. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यात उडाली तर बुबुळाला इजा होते. माणसांत उवांसाठी ती वापरताना हे घडलेलं आहे, आणि कुत्रं तर अंग झाडणारच. रॉकेल आणि फरशीचं जंतुनाशक यांबद्दल वेगळं सांगायला नको.

टी ट्री ऑइलचं, म्हणजे एका ऑस्ट्रेलियन झाडाच्या पानांच्या तेलाचं, प्रकरण नवीन आहे. तयार शाम्पूत ते अत्यल्प, बहुधा १ टक्क्याच्या आत असतं. घोळ होतो तो शुद्ध तेलाची छोटी बाटली आणून ‘चार थेंब आपणच घालू’ म्हटल्यावर, किंवा ते थेट खाजेवर लावल्यावर. काही तासांत कुत्रं लडखडतं, थरथरतं, मागचे पाय ओढतं, लाळ गाळतं. असं दिसलं तर साध्या शाम्पूने तेल धुऊन काढा, चाटू देऊ नका, उलटी करवू नका आणि निघा. घरात मांजर असेल तर टी ट्री आणि लिंबू-संत्र्याच्या तेलांचे शाम्पू मुळात आणूच नका. मांजराला ही तेलं जास्त बाधतात, आणि ओलं कुत्रं आणि मांजर एकाच चटईवर झोपतात.

कोरफड चांगली, पण कशी काढता त्यावर आहे. पान कापल्यावर सालीलगत जो पिवळा कडू चीक गळतो, तो जुलाब करतो. पान अर्धा तास उभं ठेवा, चीक निथळू द्या, साल जाडसर सोला, गर धुवा आणि मगच वापरा. रिठ्याची ८-१० टरफलं अर्धा लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, उकळून, दोनदा फडक्यातून गाळली तर काढा ठीक होतो. मात्र तो डोळ्यांना भयंकर झोंबतो, म्हणून मानेच्या खालीच वापरायचा आणि त्याच दिवशी संपवायचा. शिकेकाईची पूड न गाळता लावली तर तिचे कण दाट केसांत अडकतात आणि कुत्रं दोन दिवस खाजवत बसतं. खायच्या सोड्याचं, लिंबाचं, व्हिनेगरचं तर सरळ नाव काढू नका.

घरगुती उपायांत खरोखर कामाचे म्हणजे ओट्स. साधे ओट्स मिक्सरमधून अगदी पिठासारखे वाटा. चमचाभर पूड ग्लासभर पाण्यात टाकून ढवळली आणि पाणी दुधाळ झालं तर वाटण बरोबर. तळाशी चोथा बसला तर अजून फिरवा. एक वाटी पूड अर्ध्या बादली कोमट पाण्यात मिसळून, शाम्पू धुतल्यानंतर मगाने अंगावर ओतत दहा मिनिटं ठेवा, मग हलकं धुवा. मसाला ओट्स चुकूनही नकोत: त्यात कांदा-लसूण असतो, आणि तो कुत्र्यांना विषारी.

शाम्पूकडून औषधाची अपेक्षा

कडुनिंबाच्या शाम्पूने गोचीड जात नाहीत. आंघोळीत दोन-चार गळतात, तेवढंच. आपल्याकडचा तपकिरी गोचीड आयुष्याचा बराचसा काळ कुत्र्यावर नसतोच. तो असतो भिंतीच्या भेगेत, सोफ्याच्या शिवणीत, दाराच्या चौकटीमागे. त्यावर डॉक्टरांनी दिलेली गोळी किंवा मानेवर घालायचं औषधच लागतं. मानेवर औषध घातलंत तर आधी आणि नंतर ४८ तास आंघोळ टाळा, नाहीतर सगळं मोरीत जातं. ताप, न खाणं, नाकातून रक्त, कॉफीसारखी लघवी यांपैकी काही दिसलं तर शाम्पूचा विचार सोडा, तो गोचीडताप असू शकतो.

तसंच वासाचं. आंघोळीनंतर तिसऱ्या दिवशी पुन्हा तेलकट, आंबूस वास येऊ लागला, कान आणि पंजे लाल झाले, तर बहुधा कातडीवर यीस्ट (एक प्रकारची बुरशी) वाढलंय. सुगंधी शाम्पूने तो वास फक्त झाकला जातो. इथे क्लोरहेक्सिडीन किंवा मायकोनॅझोलचा औषधी शाम्पू लागतो, आणि तो घड्याळ लावून १० मिनिटं अंगावर राहिला पाहिजे. तेल चोळून आंघोळ घालण्याची हौस या कुत्र्यांवर अजिबात नको.

शाम्पू चांगला, आंघोळ वाईट

नवीन शाम्पू थेट सगळ्या अंगाला लावू नका. मांडीच्या आतल्या उघड्या कातडीवर रुपयाएवढा ठिपका, पाच मिनिटांनी धुवा, २४ तासांनी आणि पुन्हा ४८ तासांनी बघा. मग ठरवा.

पाणी कोमटच, हाताला जेमतेम ऊब लागेल इतकं. लावायला जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ धुवायला द्या. काख, जांघ, पट्ट्याखालची मान, शेपटीचं मूळ आणि बोटांच्या मधल्या जागा इथेच शाम्पू उरतो. आंघोळीनंतर काही तासांत खाज सुटली तर शाम्पूला दोष देण्याआधी याच जागा पुन्हा साध्या पाण्याने धुऊन बघा. खाज बसली तर चूक धुण्यात होती.

पावसाळ्यात वाळवण्याला शाम्पूपेक्षा जास्त महत्त्व. गोल्डन, लॅब, स्पिट्झ यांचे वरचे केस वाळतात आणि आतली लोकर ओलीच राहते. दोन दिवसांत ओलसर, लालभडक चट्टा उमटतो आणि कुत्रं तो चाटून वाढवतं. टॉवेलने दाबून पाणी काढा, मग ड्रायर थंड झोतावर, हातभर अंतरावरून, केस उलटे करत. बोट केसांच्या मुळाशी घालून बघा, गार लागलं तर अजून वाळायचंय.

किती वेळा? आपल्या देशी कुत्र्याला चार ते सहा आठवड्यांतून एकदा भरपूर झालं, लांब केसांच्या शिह त्झूला तीन-चार आठवड्यांनी. आठ आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला शाम्पू नकोच, ओल्या फडक्याने पुसा.

एवढं करूनही पुरळ आलं, केस झुपक्यांनी गळू लागले किंवा कोंडा दोन आठवड्यांत हटला नाही, तर आणखी वेगळा शाम्पू आणून प्रयोग करू नका. नुसत्या पाण्याने धुवा, आणि डॉक्टरांकडे जाताना बाटलीच्या मागच्या बाजूचा फोटो न्या. यादीच छापलेली नसेल तर बाटलीच पिशवीत टाका.